एका वर्षाच्या करारावर सही कुणाची?

प्रश्न : मी कारंजा (घाडगे) इथं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या मुलांना फुटबॉलचं भारी वेड. मेस्सीनं करार २०२८ पर्यंत वाढवल्याची बातमी आली तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्याच्यापाशी इतका पैसा हाये, मंग आता कायले खेळून रायला?" दुसऱ्यानं सुनील छेत्रीचं काढलं, "तो तं रिटायर झालता, मंग वापस कसा आला?" मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूसमोर करारवाढीचा कागद येतो तेव्हा त्याला नेमकं काय ठरवायचं असतं? 'घरच्यांसाठी थांबतोय' असं खेळाडू म्हणतात, ते खरं असतं की नुसती बोलायची रीत? आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलांनी यातून काय घ्यावं?
— एक शिक्षक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर : सर, आठवीतल्या त्या मुलीला आधी शाबासकी द्या. करारवाढीच्या बातमीत रक्कम छापून येते, वर्षं छापून येतात. खेळायचं कशासाठी, हे कुणी विचारत नाही. तिनं ते विचारलं.

आधी थोडक्यात सांगतो. पैसा असो वा हौस, उतारवयातल्या खेळाडूच्या प्रत्येक वाढीव हंगामाची किंमत त्याचं घर मोजत असतं. तो हंगाम घ्यायचा की सोडायचा, हे बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरतं : मैदान घरापासून किती लांब आहे, आणि खेळ थांबल्यावर हाताला काय काम आहे. या दोन्हींची उत्तरं चांगली असतील तर खेळाडू वेळेवर आणि समाधानानं थांबतो. नसतील तर तो रेटत राहतो आणि घरचे वाट बघत राहतात. आता तुमच्या पत्रातले मुद्दे एकेक करून घेऊ.

करारवाढीच्या कागदावर असतं तरी काय?

फुटबॉलमध्ये कायम नोकरी हा प्रकारच नाही. 'फिफा'च्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार ठरावीक मुदतीचाच असतो. तो जास्तीत जास्त ५ वर्षांचा करता येतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूला तर ३ वर्षांपेक्षा जास्त बांधून ठेवता येत नाही. करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी नवा करार करायला मोकळा असतो. त्यामुळे शेवटच्या वर्षात आलेल्या खेळाडूच्या घरात अर्धा हंगाम याच विषयावर बोलणं चालतं.

पंचविशीतल्या खेळाडूला क्लब खुशीनं ४-५ वर्षांचा करार देतो, कारण मधेच दुसऱ्या क्लबानं मागितला तर त्याचे पैसे मिळतात. पस्तिशीच्या खेळाडूचे तसे पैसे येत नाहीत. म्हणून त्याच्यापुढे येतो तो एका वर्षाचा कागद. आर्सेन वेंगर लंडनच्या आर्सेनलचे व्यवस्थापक होते तेव्हा तिशी ओलांडलेल्यांना एकेका वर्षाचीच वाढ द्यायची, हा तिथला जवळपास ठरलेला शिरस्ता होता.

त्या एका वर्षालाही अटी चिकटलेल्या असतात. ठरलेल्या संख्येइतके सामने खेळलात तर पुढचं वर्ष आपोआप मिळेल. त्याहून कमी खेळलात तर नाही. कधी पुढच्या वर्षाचा हक्क फक्त क्लबच्या हातात असतो, म्हणजे खेळाडूनं थांबायचं आणि क्लबनं ठरवायचं. मूळ पगार थोडा कमी, सामन्यामागचा बोनस थोडा जास्त. राहायला फ्लॅट, घरच्यांसाठी वर्षाकाठी अमुक इतकी विमानाची तिकिटं. या तिकिटांची ओळ फार बोलकी आहे. बायको-मुलं दुसऱ्या गावी राहणार हे त्या कागदानं गृहीतच धरलेलं असतं.

त्यात वेळही मोठी अडचणीची. भारतात बहुतेक करार ३१ मेला संपतात. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे मुलीचं नाव कुठल्या शाळेत घालायचं आणि बापानं कुठल्या शहरात खेळायचं, हे दोन्ही एकाच महिन्यात ठरवावं लागतं. करार एका वर्षाचा, शाळा दहा वर्षांची. हे गणित जुळत नाही, म्हणून मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि खेळाडू एकटा सामान उचलून जातो.

घरच्यांचं काय जातं?

लोकांना दिसतात ते आठवड्यातले दीड-दोन तास. त्यामागे असतं ते पूर्वतयारीचं महिनाभराचं शिबिर, रोजचा सराव, दुसऱ्या गावचा सामना असला की दोन-तीन दिवसांचा प्रवास, आणि खेळाडू देशाच्या संघात असेल तर क्लबच्या सुट्टीत राष्ट्रीय शिबिर. दिवाळी हंगामाच्या मधेच येते. वय वाढलं की आणखी एक भर पडते. विशीत जो स्नायू चार दिवसांत मोकळा व्हायचा तो आता तीन आठवडे घेतो. मग घरी असतानाही बर्फाचे शेक, फिजिओ, ठरलेलं जेवण, ठरलेली झोप. माणूस घरात असतो, पण घराच्या वेळापत्रकात नसतो.

सगळ्यात कठीण काळ आला तो कोरोनात. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम पूर्णपणे गोव्यात, बंदिस्त 'बायो-बबल'मध्ये खेळवले गेले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, एवढंच जग. हॉटेलची खोली, बस, मैदान, पुन्हा खोली. तरुण पोरांना ते कंटाळवाणं झालं. ज्यांच्या घरी तान्ही मुलं होती त्यांना ते सोसणं जड गेलं. त्या दोन वर्षांनी करारवाढीचा विचार करणाऱ्या कित्येक घरांना आपण नेमकं काय देऊन बसतो ते लख्ख दाखवलं.

छेत्री थांबला आणि परत आला, ते कसं?

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला हा सगळा क्रम नीट सांगा, कारण कुटुंब आणि खेळ यांची ओढाताण भारतात इतकी उघडपणे क्वचितच दिसली आहे.

जून २०२३. भुवनेश्वरला वानुआटूविरुद्ध छेत्रीनं गोल केला, चेंडू उचलला आणि जर्सीखाली पोटाशी धरला. पत्नी सोनम यांना दिवस गेल्याची बातमी देशाला अशी कळली. ऑगस्टच्या शेवटी मुलगा झाला. त्याच सुमारास थायलंडमध्ये किंग्ज कप होता. छेत्री गेला नाही, घरी थांबला. पण सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी संघ निघाला तेव्हा तो गेला. बाळ तेव्हा तीन आठवड्यांचंही नव्हतं.

१६ मे २०२४ रोजी त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. त्या ध्वनिचित्रफितीत त्यानं सांगितलेला एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. निर्णय त्यानं आधी आई-वडील आणि पत्नीला सांगितला. वडिलांना हायसं वाटलं. आई आणि पत्नी मात्र रडायला लागल्या. त्याला नवल वाटलं, कारण इतकी वर्षं सामना बघताना जीव टांगणीला लागतो अशी कुरकुर याच दोघी करत आल्या होत्या. आता तो थांबतोय म्हटल्यावर आपण का रडतोय, हे त्यांनाही सांगता येईना. सोनम या तर मोहन बागानचे नावाजलेले बचावपटू सुब्रत भट्टाचार्य यांच्या कन्या. फुटबॉलपटूच्या घरातच त्या वाढलेल्या. तरीही रडू आलंच.

तुमच्या 'खरं की बोलायची रीत' या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. घरच्यांना खेळाडू घरी हवा असतो हे खरं, आणि त्यानं खेळ सोडू नये असं वाटतं हेही तितकंच खरं. वीस वर्षं ज्या गोष्टीभोवती घर बांधलं गेलं ती एका दिवसात काढून घेतली की घरालाच पोकळी जाणवते. म्हणून 'कुटुंबासाठी थांबलो' हे वाक्य अपुरं आहे. कुटुंबसुद्धा थांबणं आणि खेळणं यांच्यामध्ये तितकंच अडकलेलं असतं.

६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० असा सामना झाला आणि १५१ सामन्यांत ९४ गोल करून छेत्री देशाच्या संघातून बाजूला झाला. पण बेंगळुरू एफसीकडून तो खेळत राहिला. तुम्ही संत्र्याच्या मुलखातले, तुम्हाला हे चटकन कळेल : मृग आणि आंबिया असे दोन्ही बहार एकाच झाडावर धरले की झाड खचतं, म्हणून जाणता बागाईतदार एक बहार सोडून देतो. छेत्रीनं देशाचा बहार सोडला आणि क्लबचा धरला. वय चाळीस, घरी वर्षाचं मूल, आणि आयएसएलच्या २०२४-२५ च्या हंगामात त्यानं १४ गोल केले. त्या हंगामात इतके गोल दुसऱ्या कुठल्याही भारतीय खेळाडूचे नव्हते.

हेच त्याला परत घेऊन आलं. राष्ट्रीय संघाला गोल होत नव्हते, प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी बोलावलं, आणि १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध तो पुन्हा उतरला, गोलही केला. उद्दिष्ट होतं २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात सिंगापूरनं भारताला २-१ नं हरवलं, ती आशा संपली, आणि त्यानंतर छेत्रीनं देशाचं फुटबॉल पुन्हा आणि कायमचं थांबवलं. मुलांना सांगा, तो शब्द फिरवून आला नाही. हाक आली म्हणून आला, काम संपल्यावर गेला. आणि ती हाक चाळिशीतल्या माणसाला द्यावी लागली, हे आपल्या फुटबॉलचं दुखणं आहे. मागून येणारे तयार असते तर त्याला घरी राहू देता आलं असतं.

मेस्सीनं मग करार का वाढवला?

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे वळू. २०२१ ते २०२३ अशी दोन वर्षं मेस्सी पॅरिसला होता आणि ती वर्षं त्याला सुखाची गेली नाहीत. २०२३ मध्ये सौदी अरेबियातून अफाट पैशाचं बोलावणं होतं. तो मायामीला गेला आणि जाताना त्यानं स्वतःच सांगितलं की पैसाच बघायचा असता तर दुसरीकडे गेलो असतो. घरच्यांबरोबर निवांत जगायचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ३८ व्या वर्षी, त्यानं इंटर मायामीबरोबरचा करार २०२८ पर्यंत वाढवला. त्याचा थोरला मुलगा त्याच क्लबच्या अकादमीत खेळतो. बाप सराव करतो ते मैदान आणि मुलगा शिकतो ते मैदान एकाच क्लबचं. तेव्हा त्या मुलीला सांगा : मेस्सीसाठी करार वाढवणं आणि घरी राहणं ही एकच गोष्ट आहे, म्हणून तो अजून खेळतो.

याच्या शेजारी ब्राझीलच्या थियागो सिल्वाला ठेवा. २०२४ मध्ये, ३९ व्या वर्षी, त्यानं लंडनचा चेल्सी क्लब सोडला आणि जिथं त्याचं बस्तान बसलं होतं त्या फ्लुमिनेन्से या मायदेशच्या क्लबात परतला. पण त्याची मुलं चेल्सीच्या अकादमीत शिकत होती, म्हणून कुटुंब लंडनलाच राहिलं. बाप रिओत, बायको-मुलं समुद्रापलीकडे. मायदेशात मानसन्मान होता, करार २०२६ च्या मध्यापर्यंतचा होता. तरी डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं तो संपवला आणि पोर्तुगालच्या पोर्तो क्लबात गेला. पोर्तोहून लंडन दोन-अडीच तासांच्या विमानावर. एक्केचाळिसाव्या वर्षीही त्याला खेळायचं होतंच. फक्त मुलांपासूनचं अंतर कमी करायचं होतं.

तिसरं उदाहरण फिलिप लामचं. २०१४ ला जर्मनीला विश्वचषक जिंकून दिल्यावर काही दिवसांतच, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यानं देशाच्या संघातून निवृत्ती घेतली. बायर्न म्युनिकशी त्याचा करार २०१८ पर्यंत होता. २०१७ च्या फेब्रुवारीतच त्यानं सांगून टाकलं की या हंगामानंतर थांबतो. हातात असलेला एका वर्षाचा पगार सोडून तो उठला. तेव्हाही तो संघात नियमित खेळत होता. थांबायची वेळ दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण ओळखावी, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्याकडे कुणी असं थांबू शकतं का?

थांबू शकतं, पण त्याला व्यवस्था लागते. ती कधीकाळी आपल्याकडे होती.

मुंबईत टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, पोलीस असे कंपन्यांचे आणि खात्यांचे संघ होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या मैदानांवरचा. नोकरी लागली की हजेरीपटावर नाव, दुपारनंतर सराव, संध्याकाळी घर. गुडघा बोलायला लागला की खेळाडू जर्सी उतरवायचा आणि टेबलावर बसायचा, पगार चालूच. त्याला करारवाढीची चिंता नव्हती, कारण खेळ संपला तरी नोकरी संपत नव्हती. पगार कमी होता, नाव मर्यादित होतं, पण मुलांच्या शाळेचा दाखला दरवर्षी बदलावा लागत नव्हता. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. त्या पद्धतीचे दिवस भरल्याचं तेव्हा सगळ्यांना कळलं.

गोव्यानं हेच दुसऱ्या तऱ्हेनं साधलं. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी कारकिर्दीतली बहुतेक वर्षं साळगावकर क्लबासाठी घालवली. १९८३-८४ ला त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्यानं एकही गोल न स्वीकारता संतोष करंडक जिंकला. १९९७ ला अर्जुन पुरस्कार, २०२२ ला पद्मश्री. भारताचा कर्णधार झालेला हा माणूस गोव्यात राहून, गोव्यात खेळून मोठा झाला. गोव्याचाच समीर नाईक डेंपो क्लबकडून खेळला आणि पुढे डेंपोचाच प्रशिक्षक झाला. त्याचा जुना जोडीदार महेश गवळी राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. खेळ संपल्यावर पुढचं काम त्याच अंगणात मिळालं. अशा ठिकाणी 'आणखी एक वर्ष' या प्रश्नाची धारच बोथट होते.

कोल्हापूरचंही सांगायला हवं. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे तिथले संघ. पेठेचा मुलगा पेठेच्या संघात, सामने शाहू स्टेडियमवर, सकाळी नोकरी-धंदा आणि दुपारी फुटबॉल. मोठा पैसा तिथं नाही, पण घरही मोडत नाही.

आताचा व्यावसायिक खेळाडू यापेक्षा खूप जास्त कमावतो, आणि तितकाच उघड्यावरही असतो. मुंबईचा राहुल भेके बघा. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात, मुंबईतच, जादा वेळेत त्याच्या हेडरच्या गोलानं बेंगळुरूला विजेतेपद मिळालं. पुढे तो घरच्या शहरात, मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरनं भारतीय क्लबला एएफसी चॅम्पियन्स लीगमधला पहिला विजय मिळाला. मे २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईनं आयएसएल करंडक जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात, ३३ व्या वर्षी, तो पुन्हा बेंगळुरूला गेला. कर्णधार, विजेता, घरचा मुलगा. तरी तिशीनंतरही गाव बदलावं लागतं, हे या पेशाचं वास्तव आहे.

आणि पगाराची हमी? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा नवा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबला, कारण आयोजक आणि महासंघ यांच्यातला मूळ करारच डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी पगार रोखले. हंगाम सुरू व्हायला १४ फेब्रुवारी २०२६ उजाडला. विशीतल्या खेळाडूचं एक वर्ष वाया गेलं तर पुढे दहा असतात. ज्याच्या हातात एकच वर्ष उरलं होतं, त्यानं घरी हप्त्यांची वही उघडून काय सांगितलं असेल? करारवाढीवर सही केली म्हणजे पैसा आलाच असं आपल्याकडे धरून चालता येत नाही, हे त्या महिन्यांनी शिकवलं.

आई झालेल्या खेळाडूचं काय?

प्रश्न विचारणारी मुलगी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पुरुष खेळाडूला बाप होण्यासाठी करार थांबवावा लागत नाही. बाईला आई होण्यासाठी वर्षभर मैदान सोडावं लागतं, आणि एका वर्षाच्या करारात ते वर्ष म्हणजे सगळा करारच. १ जानेवारी २०२१ पासून 'फिफा'नं नियम केला : किमान १४ आठवड्यांची पगारी रजा, त्यातले किमान ८ आठवडे बाळंतपणानंतरचे, रजेत करारातल्या पगाराच्या किमान दोन-तृतीयांश रक्कम, आणि गरोदरपणाचं कारण दाखवून करार तोडता येणार नाही. आइसलँडची कर्णधार सारा ब्यॉर्क गुन्नार्सदोत्तिर हिला फ्रान्सच्या लियाँ क्लबनं गरोदरपणात पूर्ण पगार दिला नाही, तेव्हा ती या नियमांच्या आधारे 'फिफा'कडे गेली आणि जिंकली. ८२,००० युरोंहून अधिक रक्कम तिला मिळाली. तुमच्या मुलींना हे नाव सांगा. घर की खेळ असा पेच त्यांच्यासमोर पुरुषांपेक्षा दहा वर्षं आधी येतो, आणि त्या पेचात कायदा आपल्या बाजूनं आहे हे त्यांना ठाऊक असायला हवं.

कारंज्याच्या मुलांनी काय घ्यावं?

आपल्या मुलांसाठी घरापासूनचं अंतर पस्तिशीत सुरू होत नाही. ते बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू होतं. कारंज्याहून नागपूर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढलेल्या मुलाला पुढे रोजचा दर्जेदार सराव हवा असेल तर नागपूर-कामठी गाठावी लागते, नाहीतर पुणे-मुंबई. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारनं 'महादेवा' ही योजना पुढे आणली. १३ वर्षांखालच्या निवडक मुलामुलींना शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण देण्याची. चांगलीच गोष्ट आहे. पण निवड झालेलं मूल घर सोडणार, आणि ते अंतर पुढे वीस वर्षं वाढत जाणार, हे पालकांना आधीच समजावून सांगणारं कुणीतरी हवं. ते काम तुमच्यासारख्या पीटीच्या सरांचंच.

म्हणून मुलांना तीन गोष्टी सांगाव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, खेळता खेळता शिक्षण सोडू नये. बी.पी.एड. करता येतं, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 'डी' परवाना हा प्रशिक्षकांसाठीचा सुरुवातीचा छोटा अभ्यासक्रम आहे, तो खेळाडू असतानाच करून ठेवता येतो आणि पुढे 'सी', 'बी', 'ए' असं चढत जाता येतं. पस्तिशीत पहिला परवाना काढायला बसलेला खेळाडू उशिरा उठलेला असतो. दोन, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं आणि त्यांची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. ती प्रमाणपत्रं आज शाळेच्या कपाटात नीट लावून ठेवा. कित्येक गुणी मुलांची संधी कागद हरवल्यानं गेली आहे. तीन, करारावर सही करायची वेळ आलीच, तर घरच्या माणसाला शेजारी बसवून तो पूर्ण वाचावा. पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं की गाव कुठलं, मुदत किती, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, आणि पुढच्या वर्षाचा हक्क कुणाकडे.

खेळ संपल्यावर जवळपास काम मिळणं शक्य आहे याचे दाखले नागपूर परिसरातच आहेत. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन 'स्लम सॉकर' उभं केलं. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला. तिथं खेळायला आलेली मुलं पुढे तिथंच शिकवायला लागली. कामठीच्या रब्बानी क्लबात जुने खेळाडू नव्यांच्या मागे उभे राहतात. अशी जागा प्रत्येक तालुक्यात व्हायला हवी आणि ती पगारी हवी. राज्य सरकारनं, नगरपंचायतीनं आणि शिक्षण संस्थांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी फुटबॉल प्रशिक्षकाचं एक पद निर्माण केलं, तर दोन कामं होतील : गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला चार-पाच वर्षं घराजवळ चांगलं शिकता येईल, आणि बाहेर खेळून आलेल्या पस्तिशीच्या खेळाडूला, एका वर्षाचा लांबचा करार नाकारून, मानानं आपल्या गावी येता येईल. तुमच्या शाळेच्या व्यवस्थापनापुढे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपुढे ही मागणी तुम्ही लेखी ठेवा. इतर तालुक्यांतल्या क्रीडा शिक्षकांनीही आपापल्या ठिकाणी ती ठेवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.